किलोच्या भावात देण्याआधी: कुर्ल्याच्या एका जुन्या इंजिनाची गोष्ट

(एपिसोडची लेखी आवृत्ती. मधले पॉज आणि माझा खोकला काढलाय, बाकी जवळजवळ बोललो तसंच.)

आजचा विषय मी निवडलेला नाही, बिल्डरने निवडलाय.

झालं असं. घाटकोपर पश्चिमेला, एलबीएस मार्गाच्या आतल्या बाजूला माझ्या मामाची बैठी चाळ आहे. ती रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. खोलीच्या मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये ताडपत्री आणि ताडपत्रीखाली आजोबांचं इंजिन. एका जुन्या अमेरिकन मोटारीचं, सहा सिलेंडरचं, वजन अडीचशे किलोच्या वर. लहानपणी लपाछपी खेळताना आम्ही त्याच्यामागे लपायचो. घरात त्याला सगळे 'मोठं इंजिन' म्हणायचे. छोटं कुठलं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

भंगारवाला येऊन बघून गेला. म्हणाला, बीड आहे, किलोला पस्तीस देतो, उचलायची मजुरी माझी. म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. मामाने मला फोन केला. "अरे, तू इंजिनिअर आहेस ना? येऊन बघ एकदा. ठेवण्यासारखं असेल तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू."

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, मामा. पण हे आपल्या घरात कुणाला सांगून पटत नाही. गेलो.

आणि त्या तीन आठवड्यांत मला कळलं, की 'हे इंजिन ठेवण्यासारखं आहे का?' या प्रश्नाचं उत्तर नुसतं लोखंडात सापडत नाही. त्यासाठी थोडा इतिहास उलगडावा लागतो. तर चला.

हे इंजिन इथे आलंच कसं?

मुंबईत मोटारी जोडायचं काम तसं जुनं. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये कारखाना काढला. फोर्डचंही काम मुंबईत होतं. पण हे सगळं परदेशी कंपन्यांचं. सुटे भाग जहाजातून यायचे, इथे जोडले जायचे.

आपली स्वतःची मोटार कंपनी हवी, ही कल्पना सर विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात लावून धरली होती. ती मुंबईत प्रत्यक्षात आणली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस. विमानांचा कारखाना बंगळूरला, जहाजांचा विशाखापट्टणमला, आणि मोटारींचा कुर्ल्याला! १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. करार होता अमेरिकेच्या क्रायस्लरशी. १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षीच, कुर्ल्याहून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

यात एक गंमत आहे. तीन नावं असली तरी परदेशांसाठीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये गाडी मुळात एकच असायची. डॉज किंग्जवे किंवा डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे मुळात प्लिमथच. पुढची जाळी वेगळी, बिल्ला वेगळा. आज फोनवाल्या कंपन्या एकच फोन तीन नावांनी विकतात ना, तसं.

माझे आजोबा पन्नासच्या दशकात तिथे फिटर म्हणून लागले. 'मुलगा प्रीमियरमध्ये आहे' हे वाक्य तेव्हा लग्न जमवायला पुरायचं. आजही कुर्ला-विद्याविहारच्या त्या पट्ट्यात रस्त्याला प्रीमियरचं नाव आहे. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. माझा एक मित्र तिथल्याच एका ऑफिसात कोड लिहितो. आजोबा जिथे बोल्ट आवळायचे, तिथे तो बग काढतो.

आतमध्ये काय असतं?

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

आजच्या गाडीत व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. या जुन्या क्रायस्लर इंजिनात ते सिलेंडरच्या बाजूला, खाली ब्लॉकमध्येच असतात. वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. म्हणून याला इंग्रजीत 'फ्लॅटहेड' म्हणतात, सपाट डोक्याचं. ताकद बेताची. प्लिमथचं साडेतीन लिटरचं इंजिन ९५ हॉर्सपॉवर द्यायचं. आज सव्वा लिटरचं पेट्रोल इंजिन आरामात ऐंशीच्या वर जातं. पण कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे जुनं इंजिन हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही चालायचं. भाग कमी, बांधणी दणकट. दुसऱ्या महायुद्धात डॉजच्या लष्करी गाड्यांत याच घराण्यातली इंजिनं होती. मोटारींत ती १९५९ पर्यंत आली, आणि त्यानंतरही काही वर्षं ट्रक, पंप, शेतीची यंत्रं यांत वापरली गेली.

अमेरिकेत 'बिग ब्लॉक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सहा-सात लिटरची व्ही-एट इंजिनं येतात. पण या सहा सिलेंडरवाल्यांच्या जगातही दोन घरं आहेत. एकाचं हेड २३ इंच लांब, दुसऱ्याचं २५ इंच. अमेरिकेतल्या प्लिमथ-डॉजला छोटं, क्रायस्लर-डिसोटोला मोठं. आणि कॅनडात बनलेल्या प्लिमथ-डॉजलाही मोठं! त्यामुळे गाडीच्या बिल्ल्यावरून काहीच ठरत नाही. टेप लावायची आणि मोजायचं. बऱ्याच भागांची ऑर्डर याच एका मापावर अवलंबून असते.

आम्ही टेप लावली. तेवीस इंच आणि वर थोडं.

मामा म्हणाला, "म्हणजे?"

म्हणजे मामा, चाळीस-पन्नास वर्षं आपण ज्याला 'मोठं इंजिन' म्हणतोय, ते छोटं आहे.

मग ते गाडीतून बाहेर का आलं?

आता कथेतला महत्त्वाचा भाग. इंजिन बिघडलं म्हणून ते बाहेर आलं नाही. ते चालू होतं. मग?

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने धोरण ठरवलं: ज्याला इथे फक्त जोडणी करायची असेल, त्याने जावं, ज्याला हळूहळू सगळे भाग इथेच बनवायचे असतील, त्याने राहावं. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. बाहेरून तयार मोटारी येणं जवळजवळ थांबलं. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हात मिळवला होताच. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे आमच्या इंजिनाच्या एक तृतीयांशाहून कमी.

याचा परिणाम काय झाला बघा. ज्याच्याकडे मोठी अमेरिकन गाडी होती, त्याला ती बदलायची सोयच नव्हती. नवीन फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. म्हणून पुढची वीस-तीस वर्षं मुंबईत 'हे इंजिन दुरुस्त करण्यालायक आहे का?' असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दुरुस्त करायचं, एवढंच. पर्याय नव्हता. त्यातूनच इथले मेस्त्री तयार झाले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा सुट्या भागांचा बाजार ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. (जाता जाता: या सीएसटीचा छत्रपती शिवाजी टर्मिनसशी संबंध नाही. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत १९२८ ते १९३४ अशी फक्त सहा वर्षं एक रेल्वे धावली होती, सेंट्रल साल्सेट ट्रामवे. तिचं नाव रस्त्याला राहिलं. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

मग आलं १९७३. अरब-इस्रायल युद्ध, तेलाचा बहिष्कार, आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट. शहरात लिटरला पाच-सहा किलोमीटर देणारी गाडी चालवणं अनेकांना परवडेना. पण गाडी फेकायची नाही, हा आपला नियम. म्हणून लोकांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. बॉडी डॉजची, आवाज टेम्पोचा! आणि काढलेली ही मोठी पेट्रोल इंजिनं भंगारात गेली.

आमच्या घरात सांगतात ते असं: ७४-७५ च्या सुमारास एका शेटजींच्या गाडीचं असंच ऑपरेशन झालं. आजोबांनी ते गॅरेजमध्ये पडलेलं पाहिलं आणि भंगाराच्या भावाने विकत घेऊन हातगाडीवरून घरी आणलं. आजी आठ दिवस बोलली नाही. कशाला आणलं, तर 'उपयोगी पडेल कधीतरी.' हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी बोललेलंच असतं.

तपासायचं कसं?

साकीनाक्याला एका गाळ्यात इंजिनकाम करणारे एक वयस्कर मेस्त्री आहेत. त्यांना विनंती केली. ते घाटकोपरला आले, ताडपत्री काढली, आणि पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे हात मागे बांधून पाच मिनिटं नुसतं बघितलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुना कोड हातात आला की पहिल्या मिनिटाला काहीतरी बदलतो. असो.

त्यांची पद्धत सांगतो, कारण ती कुठल्याही जुन्या इंजिनाला लागू पडते.

पहिलं, नंबर बघा. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. गंज पुसा, फोटो काढा. घासून मात्र काढू नका.

दुसरं, फिरतंय का? सहाही प्लग काढायचे, भोकांतून ऑइल आणि डिझेलचं मिश्रण ओतायचं आणि थांबायचं. जोर लावायचा नाही. जाम झालेलं इंजिन जबरदस्तीने फिरवलं की रिंगा तुटतात. आम्ही आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी क्रँकच्या नटाला लांब पाइप लावून मेस्त्रींनी हलकेच दाब दिला. काही नाही. पुन्हा दिला. कर्र असा आवाज झाला आणि ते इंजिन बोटभर हललं. मामाने टाळी वाजवली. मी व्हिडिओ काढत होतो, आणि तो नेमका हललाय.

तिसरं, हेड उघडा आणि वाचा. हो, 'वाचा' हा त्यांचाच शब्द. सिलेंडरच्या वरच्या कडेला नख फिरवायचं. जिथे पिस्टनची रिंग पोहोचत नाही तिथे कड उरते. नख अडकलं तर समजायचं, झीज झालीय. मग गेजने मोजायचं. या इंजिनाचा मूळ बोअर सव्वातीन इंच. झीज झाली की तो थोडा मोठा करून घेतात, त्याला बोअरिंग म्हणतात, आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालतात. पहिल्यांदा वीस साइज, मग तीस, चाळीस, साठ. म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग.

मेस्त्रींनी पिस्टनच्या डोक्यावरची काजळी फडक्याने पुसली. खाली आकडा होता: ०६०.

ते हसले. म्हणाले, "साठवर आलंय. याने भरपूर आयुष्य काढलंय."

मंडळी, मी इथे जरा थांबलो होतो. कारण साठ साइज म्हणजे हे इंजिन एकदा नाही, बहुधा दोन-तीन वेळा उघडून पुन्हा बांधलं गेलंय. पंचवीसेक वर्षांच्या आत! खालच्या बेअरिंगच्या पाठीवरही अंडरसाइजचा आकडा होता, म्हणजे क्रँकही ग्राइंड झालेली. नवीन गाडी मिळत नव्हती त्या काळाचा सगळा हिशेब त्या लोखंडावर कोरलेला होता. मी आयात धोरणाबद्दल वाचलं होतं, पण ते असं हाताला लागेल असं वाटलं नव्हतं.

चौथं, भेगा शोधा. इथे आमचं नशीब संपलं. या इंजिनांचा एक जुना रोग आहे. ब्लॉकच्या आत पत्र्याची एक लांब नळी असते. पाण्याच्या पंपापासून निघून ती प्रत्येक व्हॉल्व्हच्या बाजूला थंड पाणी पोहोचवते. ही नळी गंजली, की पुढच्या सिलेंडरांना पाणी मिळतं आणि मागचे तापतात. बाहेरून काटा नॉर्मल दिसतो, आत सहावा सिलेंडर भाजत असतो. आमची नळी हातात घेतली तर भुगाच झाला. आणि सहाव्या सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलेंडरपर्यंत केसासारखी भेग.

मग, ठेवायचं की द्यायचं?

मेस्त्री म्हणाले, होण्यासारखं आहे. भेगेपाशी काम करून सिलेंडरमध्ये स्लीव्ह घालता येईल. साठच्या पुढे बोअरिंगला जागा नाही, म्हणून बाकीच्या पाचांतही स्लीव्ह. पिस्टन, रिंगा, गॅस्केट अमेरिकेहून मागवावे लागतील. खर्च दीड-दोन लाखांच्या घरात. आणि एवढं करूनही बीडाच्या भेगेची गॅरंटी त्यांनी दिली नाही. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

आता प्रश्न असा, की ते चालू करून बसवायचं कशात? आमच्याकडे गाडी नाही. विकायचं म्हटलं तर कागदांचा मुद्दा येतो. आरसीवर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे बदल न केलेली, अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. रोज ऑफिसला न्यायला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

उलटा खेळ बघा. सत्तरच्या दशकात शहाणा माणूस तो, ज्याने मोठं इंजिन काढून डिझेल बसवलं. आज त्याच गाडीची पंचाईत, आणि ज्याने हट्टाने मूळ इंजिन राखलं, त्याच्या गाडीला मान. लोखंड तेच आहे. १९५५ मध्ये ते अनमोल होतं, १९७५ मध्ये ओझं, आणि आज, ज्या गाडीत जन्मलं ती सोबत असेल तर पुन्हा अनमोल. आमच्या इंजिनाची गाडी कुठे आहे, आहे की नाही, काहीच माहीत नाही.

पद्मिनीचं बघा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. टॅक्सी म्हणून तिचा शेवट इंजिनाने ठरवला नाही, कॅलेंडरने ठरवला.

मी मामाला एक्सेल शीट दाखवली. चालू करायचा खर्च, ठेवायला जागा, विकून येणारी रक्कम. मामाने ती बघितली आणि विचारलं, "आणि आतले भाग?"

तिथे मला सुचलं नव्हतं ते त्याला सुचलं. क्रँकवर आरसीचा नंबर नसतो. हेडवर नसतो. कनेक्टिंग रॉड, मॅनिफोल्ड, टायमिंग कव्हर, कशावरच नसतो. इंजिन म्हणून ते संपलेलं असेल, पण ज्याच्याकडे हेच २३ इंची इंजिन त्याच्या मूळ गाडीत आहे आणि हेड वाकलंय किंवा क्रँक गेलीय, त्याच्यासाठी हे सोनं आहे.

मेस्त्रींच्या ओळखीने बोरिवलीचे एक काका सापडले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची डॉज आहे. मूळ इंजिनासकट, पण तीन वर्षं बंद. त्यांच्या हेडला भेग होती. आमचं हेड मशीनवर तपासलं, सरळ निघालं. क्रँकही एकदा ग्राइंड करून चालण्यासारखी. ते टेम्पो घेऊन आले. पैसे देत होते. मामाने घेतले नाहीत. नाही नाही, थोडे घेतले. मेस्त्रींची मजुरी सुटली.

उरला ब्लॉक. भेग पडलेला, साठ साइजचा. तो भंगारवाल्याला दिला. चार माणसांनी उचलून काट्यावर ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्याला फ्लॅटमध्ये जागा नाही आणि ज्याच्याकडून काही होणार नाही, ते आणखी एका भाड्याच्या खोलीत ताडपत्रीखाली ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तो निर्णय पुढच्या पिढीवर ढकलणं आहे. आजोबांनी ढकलला, तो आमच्यापर्यंत आला. तरी बरं, ढकलला. १९७५ मध्येच ते वितळलं असतं, तर बोरिवलीच्या त्या गाडीला आज हेड मिळालं नसतं.

आजीला विचारलं, एक पिस्टन ठेवू का शोकेसमध्ये? म्हणाली, "ठेव. पण आधी रॉकेलने नीट धू. पन्नास वर्षं माझ्या घरात ग्रीसचे डाग पडलेत." तो ०६० आकडा असलेला पिस्टन आता मामाच्या भाड्याच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे.

तर मंडळी, तुमच्याही घरामागे, गच्चीवर, गावच्या वाड्यात असं काही पडलं असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तीन गोष्टी करा. नंबर आणि मापं टिपून घ्या. एखाद्या जाणत्या मेस्त्रीकडून उघडून बघून घ्या. आणि 'हे चालेल का?' एवढंच विचारू नका. 'यातलं कुणाच्या कामी काय येईल?' हेही विचारा. घरात कुणी प्रीमियरमध्ये, किंवा दुसऱ्या कुठल्या कारखान्यात काम केलं असेल, तर त्यांच्याशी बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या आजोबांना ते इंजिन नेमकं कुठल्या गाडीचं होतं ते माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही.

बोरिवलीची डॉज सुरू झाली की तिचा आवाज पुढच्या एखाद्या एपिसोडच्या सुरुवातीला ऐकवीन. तोपर्यंत, भेटू पुढच्या रविवारी!